राणीसावरगावचे दोन आश्रुबा

परभणी,
१२ ऑगस्ट १९७६

प्रिय सिद्धम्मा,

जयभीम. हे पत्र कंपनीचं नाही, माझं आहे. म्हणून डेपोच्या पत्त्यावर न टाकता तुझ्या नावानं घरी टाकलंय.

गंगाखेड डेपोचा तक्ता परवा माझ्या टेबलावर आला. खाली सही मन्मथअप्पांची, पण वरचं सगळं अक्षर तुझं. ‘ळ’ला असली लांब शेपटी काढणारी माणसं जिल्ह्यात दोन असतील असं मला वाटत नाही. तुझं लग्न गंगाखेडातच झालं हे ऐकून होते. पण आमच्याच कंपनीचा डेपो चालवणाऱ्यांच्या घरी, हे आज कळलं. मॅट्रिकनंतर माझ्या वडिलांची, दादांची, बदली झाली, आम्ही गाव सोडलं आणि आपलं सगळं तुटलंच. शाळेमागच्या लिंबाखाली बसून आपण डबा खायचो, तू घरी कळू न देता. आठवतं ना?

मी बी.कॉम. झाले आणि इथं बियाण्याच्या कंपनीत लागले. ऑफिसात बाई मी एकटीच. मॅनेजर दिनकररावांनी मला एक काम दिलंय. आमचे डेपो तीन, परभणी, पूर्णा आणि तुमचा. तिघांच्या तीन वह्या, आणि त्यांतून एकच रजिस्टर करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पूर्णेचे तात्याराव पोत्यांत लिहितात, परभणीचे क्विंटलमध्ये आणि तुम्ही मणात. एकाच ज्वारीला एक जण मालदांडी म्हणतो, एक शाळू, तर एक नुसतं ‘रब्बीचं’. पूर्णेच्या वहीत एक शेतकरी चार वेळा सापडला, चारही वेळा वेगळ्या नावानं. दिनकरराव म्हणतात, “बाई, आकडे जुळत नाहीत म्हणजे कुणीतरी झोपलंय.” मला तसं वाटत नाही. ज्यानं त्यानं आपल्या सोयीचं लिहिलंय, एवढंच.

पण तुझं अक्षर आणि सही अप्पांची, हे कसं गं?

तुझी,
सत्यशीला

--

गंगाखेड,
१९ ऑगस्ट १९७६

प्रिय शीला,

शरणार्थ. तुझं पत्र चुलीपुढं बसून वाचलं आणि भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, “कुणाचं गं?” मी म्हणलं, शाळेतल्या मैत्रिणीचं. खरंच तर हाय.

मला दोन लेकरं हायेत, दोन्ही पोरी. यांचं, म्हणजे शिवमूर्तींचं, बाजारात किराणा दुकान हाय, दिवसभर तिकडंच असतात. डेपो अप्पांचा. मामंजींना घरात समदे अप्पाच म्हणतो. निजामाच्या काळापासून बी-बियाण्याच्या धंद्यात हायेत, लय भरवशाचा माणूस. त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी लिहायला त्यांना वेळ लागतो, म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. एवढंच.

हे तू साहेबांना सांगू नकोस. सून वह्या लिहिते म्हणलं की लोक उगी काहीबाही बोलतात.

मणाचं म्हणशील तर इकडं शेतकरी मणातच मागतो. क्विंटल म्हणलं की त्याला वाटतं आपल्याला कमी दिलं. मी लिहिते मण, तू तिकडं क्विंटल कर. तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलंच होतं.

आणि माझ्या ‘ळ’ला हसू नकोस. इथं दुसरं कुणी बघत बी न्हाई त्याच्याकडं.

तुझी,
सिद्धम्मा

--

परभणी,
२८ ऑगस्ट १९७६

प्रिय सिद्धम्मा,

दोन पोरी! त्यांची नावं लिहायला विसरलीस.

साहेबांना काही सांगणार नाही. त्यांना तक्ता वेळेवर मिळाला की पुरे. हल्ली आणीबाणीमुळे सगळेच वेळेवर येतात आणि वेळेवर घाबरतात.

एक विनंती आहे. रब्बीचं बियाणं या आठवड्यात तुमच्याकडं येईल. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला शिवलेली चिठ्ठी असते, तिच्यावर लॉटचा नंबर. एका खळ्यातून, एका वेळी भरलेला माल म्हणजे एक लॉट. कुठल्या गावातल्या कुणाला कुठल्या लॉटचं पोतं दिलं, हे चिठ्ठी बघूनच लिहायचं. मागच्या साली तुमच्या वहीत सगळ्या गाडीला एकच नंबर होता. पूर्णेचे तात्याराव तर स्वतःचाच नंबर टाकत, एकपासून सुरू. त्यांना चार पत्रं लिहिली तेव्हा कुठं ऐकलं. म्हणाले, “तुमचे नंबर तुमच्या सोयीचे, माझे माझ्या.” चुकीचं नाही बोलले. पण बियाण्यात उद्या काही खोट निघाली, तर ते कुणाकुणाकडं गेलं हे शोधायचं कसं?

घरी आई माझ्या लग्नाचं काढते. “रजिस्टरशी लगीन लावती का?” म्हणते. दादा हसतात आणि पेपर तोंडापुढं धरतात.

रजिस्टर आता जरा माणसात यायला लागलंय. दोनदा आलेली नावं काढून टाकतेय. पान स्वच्छ दिसलं की जिवाला बरं वाटतं.

तुझी,
सत्यशीला

--

गंगाखेड,
११ सप्टेंबर १९७६

प्रिय शीला,

शरणार्थ. गाडी आली. माल उतरला, निम्मा वाटून बी झाला. राणीसावरगावचे लोक बैलगाड्या घेऊन आले होते. तक्ता सोबत हाय, लॉटचा नंबर बावीस, तू म्हणल्यासारखा लिहिलाय.

पोरींची नावं गिरिजा आणि अक्का. अक्काचं खरं नाव चन्नबसम्मा हाय, सासूबाईंच्या सासूचं.

घरात लय काम हाय. जास्त लिहीत न्हाई.

तुझी,
सिद्धम्मा

--

परभणी,
१७ सप्टेंबर १९७६

सिद्धम्मा,

हे पत्र गाडीच्या ड्रायव्हरच्या हातानं पाठवतेय. वाचून लगेच उत्तर दे.

लॉट चौदाची ज्वारी उगवत नाही. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून इथं तपासणी करतात. शंभरातले वीससुद्धा उगवले नाहीत. गोदामात त्या थप्पीला खालून ओल लागली आणि आत माल तापला, असं आता म्हणतात. तपासणीचा कागद यायच्या आधीच माल बाहेर पडला होता.

माझ्या रजिस्टरात चौदा नंबर पूर्णेला गेलाय असं आहे. तिकडं तार केली. तात्यारावांची उलट तार, आमच्याकडं एकही पोतं नाही. तुमच्या डेपोला तार केली. अप्पांच्या नावानं उत्तर आलं, आमच्याकडं सगळा बावीस. मग ही पोती गेली कुठं? दिनकरराव मला म्हणाले, “बाई, तुमचं ते एक रजिस्टर काय कामाचं?”

तुमच्याकडं आता पेरणी सुरू होईल. जमिनीत ओल आहे तोवरच पेरायचं, एकदा ओल उडाली की वर्ष गेलं. ज्यांच्या हातात ते बी आहे ते उद्या-परवा मातीत टाकतील.

त्या तक्त्यात ‘बावीस’ एवढं सरसकट लिहिलंयस, त्यावर माझा विश्वास बसत नाही. सगळ्या पोत्यांवर एकच नंबर होता? तू स्वतः बघितलास?

सत्यशीला

--

गंगाखेड,
१८ सप्टेंबर १९७६

प्रिय शीला,

मी न्हाई बघितला. अप्पांनी बी न्हाई.

अप्पांना दिसत न्हाई, शीला. मोतीबिंदू हाय, दोन्ही डोळ्यांना. दोन वर्षं झाली. सुरवातीला लांबचं जायचं, आता जवळचं बी गेलं. उजेड आन् सावली तेवढी कळती. घरात सासूबाईंना, यांना आन् मला ठाऊक हाय. बाहेर कुणाला न्हाई. ते बसायच्या जागेवरून उठत न्हाईत, माणसाला आवाजावरून वळखतात, आन् कागद पुढं आला की “सूनबाईकडं दे” म्हणतात. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचा रुबाब.

तुला उर्दूचं सांगितलं ते खोटं न्हवतं, पण अर्धंच होतं.

गोदामात मी जात न्हाई. तिथं हमाल असतात, सुनेनं जायची रीत न्हाई. हमालांना वाचता येत न्हाई. मग ड्रायव्हर जो नंबर सांगतो तो अप्पा ऐकतात, मला सांगतात, मी लिहिते. वहीत जे हाय ते बघितलेलं न्हाई, ऐकलेलं हाय. मी रोज सुंदर अक्षरात लिहीत गेले आन् मला कधी वाटलंच न्हाई की ह्याच्यावर कुणाचं शेत अवलंबून असंल.

तुझं पत्र वाचलं आन् पदर खोचून सरळ गोदामात गेले. हमाल बाजूला झाले. राहिलेल्या पोत्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या. काही बावीस, काही चौदा. एकात एक मिसळलेले. म्हणजे राणीसावरगावला जी पोती गेली त्यात चौदा असणारच. कुणाला कुठलं गेलं ते आता देव जाणे.

हे पत्र अप्पांना न विचारता लिहायलेय. कंपनीला कळलं तर डेपो काढून घेतील. तो गेला तर अप्पांचं काय ऱ्हाईल, मला सांगता येत न्हाई. पण तुझ्यापासून लपवलं तर ते लोक मेलेलं बी पेरतील.

काय करायचं ते तूच सांग. ड्रायव्हर बाहेर थांबलाय.

सिद्धम्मा

--

परभणी,
१९ सप्टेंबर १९७६

प्रिय सिद्धम्मा,

ड्रायव्हरला मी इथं थांबवून घेतलं आणि विचारलं. तो म्हणाला, “मला गोदामवाल्यानं बावीस सांगितलं, मी बावीस सांगितलं.” गोदामवाल्याला विचारलं. दाराजवळच्या थप्पीतली पोती भरली, कमी पडली तेव्हा मागची घेतली. गाडीच्या कागदावर मात्र पहिलाच नंबर राहिला. आणि रजिस्टरातला ‘चौदा पूर्णेला’ हा मी त्या गोदामवाल्याच्या बोलण्यावरूनच लिहिला होता. तेव्हा अप्पांना दिसत असतं तर चूक पकडली गेली असती हे खरं, पण सुरुवात आमच्या दारातच झाली. तू एकटीच्या माथी घेऊ नकोस.

साहेबांना मी एवढंच सांगितलं की गाडीत दोन लॉट मिसळले आणि राणीसावरगावची सगळी पोती परत घ्यावी लागतील. डोळ्यांचं बोलले नाही. मनाला टोचतंय, पण ते सांगायचा हक्क माझा नाही.

बदली बियाणं याच गाडीनं पाठवलंय. रजिस्टरावरून राणीसावरगावच्या लोकांची यादी करून सोबत ठेवलीय, एकेका नावासमोर खूण करत जा. कुणी जाऊन सांगायला हवं, आणि आजच्या आज. शिवमूर्ती जातील का?

सत्यशीला

--

गंगाखेड,
२४ सप्टेंबर १९७६

प्रिय शीला,

हे गेले न्हाईत. अप्पा गेले. आन् मी गेले.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अप्पांना समदं सांगितलं. तुला लिहिलं ते बी. ते म्हणाले, “परक्याला सांगितलंस. मला आधी सांगायला काय झालं होतं?” मग म्हणाले, “गाडीत बस. शिवमूर्तीला दुकान बघू दे. बी मी दिलंय.”

गाडी गावात शिरंना, रस्ता चिखलाचा. उतरून चालत गेलो. काठीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. गावाबाहेर मी म्हणलं, अप्पा, काठी सोडू का आता, लोक बघतील. ते म्हणाले, “बघू दे.”

चावडीपुढं लोक जमले. अप्पा उभं राहून बोलले, “मी मन्मथअप्पा. तुमाला बी दिलं ते मीच. मला दिसत न्हाई, दोन वर्सं झाले. पोत्यावर काय लिवलंय ते मला कळलं न्हाई आन् मी कुणाला सांगितलं बी न्हाई. त्यातलं काही बी मेलेलं हाय. कुनाचं ते ठाव न्हाई, म्हणून समद्यांनी परत करा, दुसरं आणलंय.”

एक म्हातारा म्हणाला, “अप्पा, परवा मला तर लांबून रामराम घातला तुमी!”

“तुझा खोकला वळखला, व्यंकटराव.”

लोक हसले. अप्पा बी हसले.

दिवस मावळेपस्तोर पोती परत आली. तुझ्या यादीतल्या समद्या नावांपुढं खूण झाली. मला वाटलं जिंकलं. तेवढ्यात एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली, दगडाबाई नावाची. “काय वाटायलेत?” म्हणली. लोकांनी सांगितलं. ती भारा खाली न ठेवता तशीच उभी. मग म्हणली, “आमच्याकडं कुनी आलंच न्हाई. म्या तर पेरलं. आठ रोज झाले, एक कोंब वर न्हाई. मला वाटलं पाखरं खायलीत. पोरीला राखणीला बशीवलं की रानात.”

मी यादी बघितली. तिचं नाव न्हाई. नवरा कोण विचारलं, तर आश्रुबा. आश्रुबापुढं तर खूण झाली होती! तो माणूस पोतं परत देऊन कवाच घरी गेला होता.

तेव्हा अप्पा म्हणाले, “गावात दोन आश्रुबा. एक मघाचा. दुसरा दगडाबाईचा मालक, वारला तो. जमीन त्याच्याच नावावर हाय, म्हणून मी त्याचंच नाव सांगतो.”

शीला, माझ्या वहीत मी आश्रुबा, राणीसावरगाव असं दोनदा लिहिलं होतं. मला नीट आठवतंय. तुझ्या यादीत एकदाच हाय.

सिद्धम्मा

--

परभणी,
२७ सप्टेंबर १९७६

प्रिय सिद्धम्मा,

मीच खोडलं.

एकच नाव, एकच गाव, एकच दिवस. मला वाटलं चुकून दोनदा आलं. पूर्णेच्या वहीत तसं इतक्यांदा बघितलं होतं की इथं विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. तुला एक कार्ड टाकलं असतं तर भागलं असतं. पान स्वच्छ करताना मी एका बाईला रानासकट पुसून टाकलं.

दिनकररावांपुढं गेले आणि सांगितलं. ते रागावतील म्हणून तयारी करून गेले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “अजून ओल आहे का तिच्या रानात?” मी म्हटलं, ठाऊक नाही. म्हणाले, “मग ते आधी बघा. बाकीचं नंतर.” दगडाबाईचं पोतं याच गाडीनं येतंय. पेरणीची मजुरी कंपनी देईल, हे त्यांनी लिहून दिलंय.

डोळ्यांचं त्यांच्या कानावर आलंय, ड्रायव्हरकडून. ते स्वतः गंगाखेडला येणार आहेत. काय ठरवतील मला माहीत नाही. मी एवढंच म्हटलं की त्या चावडीपुढं उभं राहायला आपल्यापैकी कुणी गेलं नव्हतं.

दगडाबाईला माझं नाव सांग. कुणी खोडलं ते तिला कळू दे.

सत्यशीला

--

गंगाखेड,
१८ ऑक्टोबर १९७६

प्रिय शीला,

शरणार्थ. लिहायला उशीर झाला, एक गोष्ट डोळ्यानं बघितल्याशिवाय लिहायचं न्हाई असं ठरवलं होतं.

तुझे साहेब आले होते. अप्पांशी दार लावून बोलले. मी चहा घेऊन गेले. शेवटी असं ठरलं की डेपो ह्या रब्बीपुरता आमच्याकडं ऱ्हाईल, पुढचं पुढं. गोदामात पोतं उतरताना चिठ्ठी वाचणारं माणूस हवंच, ही अट. अप्पा म्हणाले, “माणूस हाय.” साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. अप्पा म्हणाले, “चहा घेऊन आलं ते.” सासूबाई त्या दिवशी जेवल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशी जेवल्या.

अप्पा माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. परक्याला आधी सांगितलं, ते त्यांच्या मनातून जात न्हाई. पण काल गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसले आन् मला म्हणाले, “वाच, सूनबाई. मोठ्यानं वाच, मला बी ऐकू दे.” दिवाळीनंतर डोळ्यांचं शिबिर लागणार हाय. जातो म्हणले न्हाईत, पण न्हाई बी म्हणले न्हाईत.

आता ते डोळ्यानं बघितलेलं. दगडाबाईनं वरच्या रानात ओल उडाली म्हणून तेवढं सोडून दिलं आन् वढ्याकडंचं पुन्हा पेरलं. निम्मंच रान झालं. मी परवा गेले होते. ज्वारी वीतभर वर आलीय, पेरणीची तासं सरळ दिसतात. वरचं रान तसंच काळं. मला त्याच्याकडं बघवंना. ती म्हणली, “तिकडं नगा बघू, बाई. हिकडं बघा.”

तुझं नाव सांगितलं. खोडलं ते बी सांगितलं. ती म्हणली, “शिकलेली हाय का? मग दुसऱ्या बारीला खोडायच्या आधी इचारंल.”

मी म्हणलं, मावशी, आता वहीत तुमच्या मालकाचं नाव काढून तुमचंच लिहिते. म्हणजे पुन्हा असं व्हायचं न्हाई. ती पटकन म्हणली, “त्यांचं नगा काढू. रान त्यांनी केलंय. दगडं येचून येचून केलंय. माझं बी लिव्हा.”

पण नावाच्या रकान्यात एकच नाव बसतं, शीला. मी वही उघडून बसलेय. कसं लिहू?

तुझी,
सिद्धम्मा

--

परभणी,
२१ ऑक्टोबर १९७६

प्रिय सिद्धम्मा,

दोघांचंही लिही. मी इथं पट्टी घेऊन बसलेय आणि सगळ्या पानांवरचा नावाचा रकाना रुंद करतेय.

तुझी,
सत्यशीला